उसन्या तुकड्यांची आजी

शेवटचा तुकडा चिकटवण्याआधी ती पदराची गाठ सोडायची, चिमूटभर तांदूळ त्या जागेवर ठेवायची, वरून तुकडा दाबायची आणि अंगठा तसाच धरून म्हणायची, "झालं. आता ह्याचं पोट भरलं."

तिच्या गावाकडे गोधडीचं असंच करतात. त्या गोधडीला कवंद म्हणतात. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडत जायचं आणि शेवटच्या ठिगळाखाली तांदूळ ठेवायचे. "उपाशी पांघरूण कुणाला ऊब देत न्हाय, काका." ती पुठ्ठ्यावर तुकडे चिकटवून माणसांचे चेहरे करायची, पण रीत गोधडीचीच.

ती सिद्दी होती, यल्लापूरच्या पलीकडच्या जंगलातली. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांच्या वंशातली. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या एका कारखान्यात ती कापड बेतायची. तिची खोली माझ्या फोटोफ्रेमच्या दुकानासमोर. गल्लीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. आमची गल्ली मोठी हुशार. तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी एकाच नळावर भांडतात; पण ही दिसली की सगळ्यांचा प्रश्न एकच, "कुठल्या देशाची?"

"यल्लापूर देशाची," ती म्हणायची आणि घागर उचलायची.

पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिने विचारलं, "काका, टाकून द्यायचे फोटू हायत काय?" पाण्याने खराब झालेले, वाळवी लागलेले, नवी प्रत काढल्यावर लोकांनी मागे टाकलेले असे फोटो माझ्याकडे खोकंभर होते. मी खोकंच दिलं. कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "आजीचा फोटू न्हाय. आमच्यात जुन्या कुणाचाच न्हाय. फोटूवाला आमच्याकडं कशाला यील? मग उसनं घ्यायचं की, थोडं थोडं सगळ्यांकडनं."

कपाळ कुणाचं, ओठ कुणाचे, हनुवटी तिसऱ्याच कुणाची. कातडीसाठी गणवेशाच्या चिंध्या. एकदा मी मोठ्या मनाने काळा कागद पुढे केला. तिने हसत स्वतःचा हात काउंटरवर ठेवला. "ह्यात काळं कुटं हाय? नीट बगा की. तांबडं हाय, निळं हाय, जांभळं बी हाय." मी चष्मा पुसून पाहिलं. तिचं खरं होतं.

आजीला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, हिची आई. आणि आईची नजर अधू होत चालली होती. सुट्टी मिळाली की ही आजीचा पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून गावी जायची आणि हिरमुसून परत यायची. "आई म्हणती, नाक अजून रुंद कर." आईला दिसतंय तोवर आजी पुरी व्हायला हवी, एवढा एकच ध्यास. मशिनच्या आवाजात हिला फोन ऐकू येत नसे, म्हणून म्हातारी माझ्या दुकानात फोन करायची. माझी विचारपूस नाही, काही नाही. थेट, "नाक झालं काय?"

आजीआधी तिने सराव म्हणून मामा केला होता, आत्या केली होती. ती चित्रं खोलीच्या भिंतीवर होती. एक दिवस शेजारच्या वहिनी विरजण मागायला तिच्याकडे गेल्या आणि मामासमोर थबकल्या. मामाचा डावा कान त्यांच्या नवऱ्याचा होता. लग्नातल्या फोटोतला, बाळीसकट! भिजलेला फोटो त्यांनीच माझ्या दुकानात सोडला होता. आणि नवऱ्याची डावी बाजू नुकतीच लुळी पडली होती.

वहिनींनी नखाने कान उचकटला. कान हाच शेवटचा तुकडा होता. खालून तांदूळ घरंगळले.

"करणी!" ही हाक अख्ख्या गल्लीने ऐकली.

मी चप्पल न घालता धावलो. "फोटो मी दिलेत. तांदूळ ही त्यांच्याकडची रीत आहे," असं घसा फोडून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आगीशिवाय धूर निघत नाही." मग लोक माझ्याकडे आपापले फोटो परत मागायला येऊ लागले. नळावर तिची घागर बाजूला सारलेली असायची. तिच्या उंबऱ्यावर लिंबू दिसलं, पुढे लिंबाला टाचण्याही आल्या.

एकदा ती कामावरून परतली, तर भिंतीवरच्या सगळ्या चेहऱ्यांचे डोळे खरवडलेले. दाराचं कुलूप मात्र जागच्या जागी; दुसरी किल्ली घरमालकाकडे असायची. आजी तेवढी वाचली, कारण काचेच्या मापासाठी तो पुठ्ठा माझ्याकडे होता. ती दुकानात आली, पण चहाला हात लावला नाही.

"आजीला हितंच ठिवा काका. डावा डोळा राहिलाय. सोमवारी बशिवते आन् गावाला घिऊन जाते."

सोमवारी ती आली नाही. फोनही बंद. घरमालकाने खोलीला चुना मारला. कारखान्यात म्हणाले, गावी गेली असेल. मीही मनाची तशीच समजूत घातली. मग फोन वाजला. "लेक कधी निघणार हाय?" म्हातारीने विचारलं. म्हणजे ती गावी पोचलीच नव्हती. मी तसाच पोलीस चौकीत गेलो. तिथे पहिला प्रश्न आला, "कुठल्या देशाची?"

अजून पत्ता नाही. म्हातारीला सांगायचा धीर मला झालेला नाही. वहिनी मला पाहून पदर सावरतात, गल्ली पूर्वीसारखी नळावर भांडते. मला मात्र आता या माणसांची भीती वाटते, आणि यांच्यातच माझा जन्म गेलाय.

काल म्हातारीचा फोन आला. "आता उजेड तेवढा कळतोय. तुमीच सांगा, नाक केवढं झालं?"

मी आजीचा पुठ्ठा काउंटरवर घेतला. नाकावरून बोट फिरवत सांगितलं, "चांगलं रुंद आहे. कपाळ मोठं. ओठ मिटलेत, पण आता हसेल असं वाटतं."

रुंद, मोठं, हसेल, असं तिने माझ्यामागे एकेक म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. माजी आईच ती. पोट भरलं काय तिचं?"

डाव्या डोळ्याच्या जागी कोरा पुठ्ठा दिसत होता. मी त्यावर अंगठा ठेवला.

"अजून नाही," मी म्हणालो. "तुमची लेक आली की भरेल."

"मग लवकर धाडा की तिला," म्हातारी म्हणाली.