चमनातली बाकडी

लग्न करून मुरुडहून नांदेडला निघालो तेव्हा आमचं वऱ्हाड लातूरला दुपारभर थांबलं. पुढची मोटार सुटायला अवकाश होता. धर्मशाळेत जेवणं उरकली आणि पाहतात तर नवरदेव कुठं दिसेना. माझे वडील घाबरले. शेवटी माझा चुलतभाऊ त्यांना गोलाईतून, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेतून, घेऊन आला. हळदीच्या अंगानं ते तिथं पावलं मोजत फिरत होते. मोटारीत मी खाली मान घालून बसले होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "सोळा रस्ते एका जागी येतात, पण बैलगाडीला बैलगाडी अडत नाही." लग्नानंतर ते माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी नुसतं "हं" म्हटलं.

हे सरकारी तामिराच्या, म्हणजे बांधकामाच्या, कचेरीत नक्शानवीस होते. रस्त्यांचे, पुलांचे, शाळांचे नकाशे काढायचं काम. निजामाच्या राज्याची ती शेवटची काही वर्षं होती, पण तसं तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं. कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. घरात मराठी, कागदावर उर्दू, आणि बाजारात दोन्हीची भेसळ.

आमचं घर नदीकडच्या जुन्या बाजाराला लागून असलेल्या गल्लीत होतं. साधं माळवदाचं घर, पण पुढं ऐसपैस ओटा. शहाबादी फरशीचा तो ओटा म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, कचेरीच. ते अर्जनवीस होते. ज्याला सरकारदरबारी गाऱ्हाणं घालायचं असेल त्याचा अर्ज ते सुरेख उर्दूत लिहून द्यायचे. पार इस्लापूरकडची माणसंही त्यांना शोधत यायची. दिवस कलला की बैठं मेज बाजूला सरकायचं आणि गल्लीतले चार-पाच म्हातारे ओट्यावर जमायचे. आतून चहा पाठवायचं काम माझं. दाराआडून मी सगळं ऐकत असे, आणि नव्या गावची मला जी काही माहिती झाली ती त्या ओट्यावरूनच.

जुना बाजार तेव्हा अगदी गुदमरला होता. कापसाच्या गाड्या, टांगे, हमाल, सगळे त्या एका अरुंद गल्लीतून जायचे. सरकारी मोटार सुरू झाली होती, पण ती बाजारात येऊच शकत नव्हती. उतारू तिकडं स्टेशनापाशी उतरायचे आणि बोचकी डोक्यावर घेऊन चालत यायचे. गल्लीच्या टोकाला एक ओसाड जागा होती. तिथं मोडक्या गाड्या, राख, उकिरडा. कचेरीनं ठरवलं की गल्ली रुंद करून मोठा रस्ता काढायचा, टोकाला मोटारअड्डा बांधायचा आणि त्या ओसाड जागेत चमन करायचं. बागेला आमच्याकडं सगळे चमनच म्हणत.

एके दिवशी मोजणीची साखळी घेऊन माणसं आली आणि घराघरांवर लाल रेघ मारत गेली. आमच्या घरावरची रेघ दाराच्या चौकटीला टेकलेली होती. म्हणजे आख्खा ओटा गेला. हे नेमके दिवसभर गल्लीकडं फिरकले नाहीत. घरी आल्यावर मामंजींनी त्यांना समोर बसवलं.

"ही रेघ कोणी मारली?"

"कचेरीनं."

"कचेरीला हात नसतात. नकाशावर कोणाच्या हातानं निघाली?"

हे म्हणाले, "माझ्या."

दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे ओट्यावर जमले आणि मामंजींनी सगळ्यांच्या वतीनं त्या रेघेविरुद्ध अर्ज लिहिला. लिहिताना ते मोठ्यानं वाचत होते. मला उर्दू पुरतं येत नव्हतं, पण एवढं कळलं की ओटा हे घराचं तोंड असतं, तोंड कापल्यावर माणसानं कोणाशी बोलावं, असं काहीतरी त्यात होतं. अर्ज वरपर्यंत गेला आणि तिथून, जवाब लिहा असा शेरा पडून, यांच्याच मेजावर येऊन बसला.

"दादांनी काय लिहिलंय," हे मला म्हणाले. वडलांना ते दादा म्हणत. "मी तीन वेळा वाचलं. मला जवाबच सुचेना."

"मग काय लिहिलं?"

"मोटारीला वळायला जागा लागते, एवढंच लिहिलं. दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतं."

अर्ज नामंजूर झाला. ओटा पाडायला माणसं आली तेव्हा मामंजींनी त्यांना थांबवलं, पहार मागून घेतली आणि एकेक फरशी स्वतः उचलून परसात भिंतीला लावून ठेवली. मेज आतल्या खोलीत गेलं. तिथं दिवसासुद्धा अंधार असे. संध्याकाळी म्हातारे आले, रस्त्यावर उभे राहिले, थोडं बोलले आणि गेले. काही दिवसांनी ते यायचेही थांबले.

मामंजी यांच्याशी भांडले नाहीत. फक्त बोलायचे बंद झाले. हे दोन हातांवर बसलेले असले तरी मला सांगायचे, "सूनबाई, विचार, उद्या कचेरीला सुट्टी आहे का?" मी विचारायची. हे मला उत्तर द्यायचे, आणि ते मी पुन्हा मामंजींना सांगायची. आधी आधी मला रडू यायचं. पुढं त्याचीही सवय झाली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "दोघं बी एकाच मातीचे हायत. वाळल्याबिगर भेगा दिसायच्या न्हाईत."

आठेक महिन्यांनी रस्ता झाला, मोटारअड्डा झाला आणि चमनही उघडलं. जुनी विहीर उपसून तिच्यावर मोट बसवली होती. दोन जुने कडुलिंब तसेच ठेवले होते, गवत लावलं होतं, आणि तांबड्या मातीच्या वाटेच्या दोन्ही कडांना लोखंडी पायांची बाकडी मांडली होती. एका रेषेत, सारख्या अंतरावर, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. हे नकाशा घरी आणून मला दाखवायचे. नकाशात ती बाकडी फार छान दिसायची.

कचेरीचे मोठे साहेब हैदराबादचे होते. त्यांच्या आईच्या आग्रहावरून गुरुवारची दुपार बायकांसाठी ठेवली गेली. त्या दिवशी रस्त्याच्या बाजूनं कनात, म्हणजे जाड कापडाचा पडदा, लावायचे आणि फाटकात माळ्याची बायको बसायची. पुरुषांना मज्जाव.

आत्याबाई तोवर घराबाहेर पडायच्या त्या नदीवर, देवळात, नाहीतर कोणाच्या हळदीकुंकवाला. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला म्हटलं, "चल. ज्याच्यापायी ओटा गेला, ते लई काय केलंय ते बघून तर येऊ."

आत गेलो तर पाच-पंचवीस बायका उभ्याच होत्या. कुठं बसावं कोणाला समजत नव्हतं. आम्ही एका बाकड्यावर बसलो तर समोर पाहायला नुसती कनात. शेजारचं बाकडं इतकं दूर की तिथल्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागे. थोड्या वेळानं त्या बाकड्यावर एक उंच, गोऱ्या म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. बुरखा मागं सारलेला, हातात पानदान. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"ऐसे बैठे तो बातां कैसे करते?" त्या बाई म्हणाल्या.

"हाव न्हवं," आत्याबाई म्हणाल्या, "मला बी तेच कळंना झालंय."

दोघी उठल्या. दोघींनी मिळून बाकड्याचं एक टोक धरलं, दुसरं मी आणि माळ्याच्या बायकोनं. ओढत ओढत ते लिंबाखाली नेलं. मग दुसरं नेलं. इतर बायकांनी पाहिलं आणि आणखी दोन आणली. चारही एकमेकांकडं तोंड करून ठेवली आणि तिन्हीसांजेपर्यंत आम्ही तिथं बसलो. कोणाची सून कशी, कोणाला काय दुखतं, लिंबाचा रस कशावर घ्यावा, सगळं निघालं. फाटकाशी साहेबांच्या घरची पडद्याची बैलगाडी येऊन थांबली तेव्हा आम्हाला कळलं की त्या पानदानवाल्या बाई म्हणजे साहेबांच्या आई.

बाकडी तिथंच राहिली.

शनिवारी हे कचेरीतून आले ते कपाळाला आठ्या घालून. "कोणीतरी बाकडी ओढून नेली. गवतावर चरे पडलेत." त्यांनी ती पुन्हा जागच्या जागी लावून घेतली होती. मी ताट वाढलं आणि पाणी आणायला उठले. पुढच्या गुरुवारी आम्ही ती पुन्हा ओढली. त्याच्या पुढच्याही. माळी बिचारा यांच्या शिव्या खायचा, पण आपली बायको त्यात आहे म्हटल्यावर त्याचंही तोंड बंद.

चौथ्या आठवड्यात जेवताना हे म्हणाले, "साहेबांनी हुकूम दिलाय. बाकड्यांचे पाय चुन्यात गाडून टाकायचे. उद्याच गवंडी बोलावलाय."

मामंजी समोरच्या पाटावर जेवत होते. आत्याबाई भाकरी वाढत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला.

"गाडू नको," त्या म्हणाल्या.

"का?"

"ती आम्ही ओढली."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, ही तुझी बायको, आन् तुझ्या साहेबाची आई."

हे माझ्याकडं पाहतच राहिले. मी चुलीकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात मामंजींच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं घास अडकला, पाणी द्यावं म्हणून मी उठले, तर ते हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"अरे," ते म्हणाले, आणि ते मला नाही, थेट यांना म्हणत होते, "तुझी बाकडी कोर्टातल्यासारखी आहेत. सगळ्यांची तोंडं हाकिमाकडं. तिथं माणूस बसेल, पण थांबणार नाही. एवढा लहानाचा मोठा ओट्यावर झालास, माणसं कशी बसतात ते कधी पाहिलं नाहीस?"

हे खाली मान घालून भात कालवत राहिले. आत्याबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं, मध्ये बोलू नको म्हणून. भात संपवून हे म्हणाले, "दादा, उद्या सकाळी येता का चमनात? गवंडी यायच्या आधी."

"येतो," मामंजी म्हणाले.

तिथं काय झालं ते यांनी मला नंतर सांगितलं. मामंजी प्रत्येक जागी बसून पाहत होते. इथं सकाळचं ऊन डोळ्यावर येतं. इथून मोटार दिसत नाही, ज्याला गाडी धरायची तो इथं का बसेल? दोन बाकड्यांत एवढं अंतर ठेव की हळू बोललेलं ऐकू जावं, पण भांडण झालं तर हात पोचू नये. हे सगळं टिपून घेत होते. गवंडी आला तो चुन्याचं घमेलं बाजूला ठेवून नुसता पाहत बसला.

कचेरीत साहेबांना सगळं कसं सांगायचं ते यांनी वाटेत दोनदा घोकलं होतं. पण साहेबांनीच आधी विषय काढला. घरी आईला त्यांनी विचारलं होतं, आणि आईनं सांगितलं होतं, "हौ, मैंच खेंची." ते सांगताना साहेब इतके हसले, की शेजारच्या खोलीतले कारकून उठून पाहायला आले. बाकडी नव्यानं मांडली गेली, पण पाय काही चुन्यात गाडले नाहीत.

त्यानंतर मामंजी सकाळी लिंबाखाली जाऊन बसू लागले. बैठं मेज घेऊन जायला कमीपणा वाटला म्हणून फळी मांडीवर घेऊन लिहायचे. मोटारीतून उतरणारी खेड्यापाड्याची माणसं तिथंच भाकरी सोडायची, आणि हातात कागद दिसला की विचारायची, "काय लिहून राहिलेत?" त्यातूनच त्यांना नवी कामं मिळाली. जुन्या म्हाताऱ्यांपैकी दोघं यायला लागले. समोरच्या घरातले तांबटकाका मात्र कधीच आले नाहीत. त्यांचाही ओटा गेला होता. ते शेवटपर्यंत आपल्या उंबऱ्यावर बसत. मोटारीची धूळ तोंडावर यायची, तरी हलायचे नाहीत. हे त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालायचे. ती रेघ बरोबर होती असं मामंजींनी कधी म्हटलं नाही, आणि यांनी कधी विचारलंही नाही. पण दोघं बोलू लागले, आणि माझं निरोप्याचं काम सुटलं.

गुरुवार चालू राहिले. साहेबांच्या आई आत्याबाईंना जवळ बसवून मुरंब्याच्या कृती सांगायच्या, आत्याबाई त्यांना येसराची, म्हणजे आमच्याकडच्या आमटीच्या मसाल्याची. एकमेकींची भाषा दोघींनाही अर्धीच यायची. उरलेलं अर्धं मी सांगायची, आणि बहुतेक वेळा चुकीचं सांगायची.

मग राज्य बदललं. त्या दिवसांत गावात भीती होती, चमनाला कुलूप होतं, आत शेळ्या चरत होत्या. साहेबांचं घर एके दिवशी रिकामं दिसलं. ते हैदराबादला परत गेले असं कळलं. निरोप घ्यायला कोणाला सवड मिळाली नाही. आत्याबाईंनी दोन-तीनदा यांना विचारलं, "पत्र आलं का रे त्यांचं?" नाही म्हटल्यावर पुढं विचारलं नाही.

काही महिन्यांनी चमन पुन्हा उघडलं. कनात कुठं गेली कोणाला माहीत, आणि ती परत लावावी असंही कोणाला वाटलं नाही. बायकांचा वार संपला. मला वाटलं, आता आत्याबाई जायच्या नाहीत. पण गुरुवारी दुपारी त्यांनी चपला घातल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला हाक मारली. आम्ही गेलो तेव्हा लिंबाखाली पुरुष बसले होते, मोटारीची वाट पाहणारे, परगावचे. आत्याबाई क्षणभर वाटेवर थांबल्या. एका शेतकऱ्यानं आपलं गाठोडं उचलून जागा केली. त्या जाऊन बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी त्याला विचारलं, "कुठलं गाव?" तो सांगू लागला, आणि मी उभीच होते ती त्यांच्या शेजारी जाऊन बसले.