लॉर्डसाहेबांचा शब्द

लॉर्डसाहेबांना जो माणूस शेवटी भेटेल, त्याचं म्हणणं पटायचं. सकाळी आमच्या बाजूने तावातावाने बोलणारा हा उंच, गुलाबी चेहऱ्याचा म्हातारा दुपारी तितक्याच तावातावाने आमच्याविरुद्ध बोलताना दिसला, की डोकं फिरायचं. बरं, त्यात लबाडी म्हणावी तर तीही नसायची. त्याचाच जास्त संताप यायचा.

ते खरेखुरे स्कॉटिश उमराव. तरुणपणी हुजूर पक्षात, मग मजूर पक्षात, मग स्वतंत्र स्कॉटलंडवाल्यांबरोबर, आणि जर्मन बायकोपाठोपाठ जर्मनीतल्या आखनला आल्यावर पर्यावरणवाल्यांच्या मोर्चात. त्यांच्या कुणा पूर्वजाने एकमेकांशी लढणाऱ्या दोन्ही राजांपुढे निष्ठेची शपथ घेतली होती म्हणे. "दोघंही आमच्याकडे जेवून गेले होते, नाही कसं म्हणणार?" हे ते मान ताठ करून सांगत.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास मी तिथे पीएचडी करत होतो. माझी बायको मेधा पुण्यातली चांगली नोकरी सोडून माझ्यामागे आलेली. भाषा येईना, ओळखी होईनात. दिवसभर खिडकीशी बसायची, माझ्याशीसुद्धा मोजकंच बोलायची. मला काय करावं ते सुचत नव्हतं. अशात बसमध्ये ओळख झालेल्या लॉर्डसाहेबांनी आपल्या श्रेबरगार्टनमधला, म्हणजे शहराच्या कडेला संघटनेकडून भाड्याने मिळणाऱ्या बागेतला, अर्धा तुकडा तिला देऊन टाकला. मेधाने मेथी लावली, कोथिंबीर लावली, मिरच्या लावल्या. थोड्याच दिवसांत ती माझ्याशी पुन्हा भांडायला लागली. मला इतकं बरं वाटलं!

पण सभासद नसलेल्याला जमीन कसू देणं नियमात बसत नव्हतं. संघटनेच्या अध्यक्षबाईंनी हरकत घेतली आणि प्रकरण सभेत मताला टाकलं. "मी बोलतो ना. उमरावाचा शब्द आहे!" लॉर्डसाहेब म्हणाले.

आम्ही मग आपल्याकडे करतात तेच केलं. आदल्या दिवशी त्यांना जेवायला बोलावलं. मेधाने पुरणपोळ्या केल्या, "आजोबा, माझ्यासाठी अर्धी" म्हणत आग्रह करकरून वाढल्या. आपल्या घरी पोटभर जेवलेला माणूस आपल्याविरुद्ध जाईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. सभेच्या आधी अध्यक्षबाई त्यांना कॉफी-केकला बोलावतील, हेही नव्हतं.

आम्हाला सभेत मागे बसायला परवानगी होती. लॉर्डसाहेब उठले, घसा खाकरला. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "या दोघांवर माझा फार जीव आहे. पण आज एक नियम मोडला, तर उद्या बागाच राहणार नाहीत." आणि त्यांनी विरोधात हात वर केला.

मेधाला जर्मन फारसं कळत नव्हतं. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आपल्याच बाजूने बोलले ना रे?"

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. म्हणालो, "आयुष्यात एकदा तरी एका जागी उभे राहा हो!"

"तुझंही बरोबर आहे," ते कळवळून म्हणाले. मी पाठ फिरवून निघून आलो.

बाग गेली. मेधा पुन्हा खिडकीशी बसायला लागली. पुढे मला दूर इंगोलश्टाटला मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली. रागाच्या भरात आम्ही त्यांना न कळवताच आखन सोडलं.

वसंतात एक दिवस माझ्या मोबाईलवर त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "जिंकलो! एकेकाच्या दारात जाऊन मतं फिरवली. अध्यक्षबाईसुद्धा आपल्या बाजूने! मेधाला म्हणावं, उद्याच ये."

मी सांगितलं, आम्ही आखनमध्ये नाही आता.

ते म्हणाले, "मग मलाही नको ती बाग."

मी हे मनावर घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी भेटेल आणि यांचं मत बदलेल, अशी माझी खात्री होती. पण आखनच्या मित्राने नंतर कळवलं, की त्यांनी बाग खरोखरच सोडली. अध्यक्षबाईंनी समजावलं, बायकोने समजावलं, म्हातारा कुणाला बधला नाही.

जिथे हवं होतं तिथे कधी ठाम राहिले नाहीत, आणि राहिले ते हे असे! मी भयंकर चिडलो. मेधाने फोन उचलला आणि त्यांचा नंबर लावला. पलीकडून "हॅलो" ऐकताच ती नुसती रडत राहिली.