बोअरहोल चारमधला ओला दगड

भुताखेतांचे किस्से मी आजवर फक्त वाचलेत, आणि वाचून हसलेय. मी जिऑलॉजिस्ट आहे... दगड सांगतो तेवढंच खरं मानणारी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मूळची नागपूरची. दीड वर्षापासून बंगळुरूत, मारतहळ्ळीच्या एका पीजीत राहते. तिथल्या सगळ्या मुली आयटीतल्या. त्यांच्या शिफ्ट वेगळ्या, गप्पा वेगळ्या. माझं काम महादेवपुराच्या पुढे, पत्र्याच्या एका गोदामात. आत रॅकवर रॅक कोअरच्या पेट्या. कोअर म्हणजे ड्रिलिंग करून जमिनीतून काढलेले दगडाचे लांब, गोल तुकडे. मध्य भारतातल्या एका टेकडीत खूप वर्षांपूर्वी कोणीतरी तांबं शोधलं होतं. पाच बोअरहोल मारले. तांबं लागलं, पण खाण काढावी इतकं नाही. काम बंद पडलं आणि पेट्या फिरत फिरत इथे आल्या. आता गोदाम रिकामं करायचं होतं. सबनीस सर कोरमंगलाच्या ऑफिसातून फोनवर म्हणाले, "एकदा नजर टाक, रिपोर्ट दे. मग फेकून देऊ."

दिवसभर मी एकटी. बोलायला गेटवरचे मारुतीअण्णा तेवढे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, पण घरात मराठी. "जेवण झालं काय, अक्का?" एवढं रोज विचारायचे. कधीकधी दिवसभरातलं माझं तेवढंच बोलणं असायचं.

मार्चमधली दुपार. दाराच्या पायरीवर बसून डबा खाल्ला आणि आत आले, तर टेबलावरच्या पेटीतला एक तुकडा ओला. बोअरहोल चारचा. कोअर बघताना आम्ही तो ओला करतो, दगडातले रंग उठून दिसतात... पण त्या दिवशी मी पाण्याला हात लावला नव्हता. ओल तळहाताएवढी, कोणी ओला हात फिरवावा तशी. उकाडा इतका, की पाच मिनिटांत वाळली. म्हणजे ज्याने कोणी ती केली तो आत्ताच इथे होता. आणि गोदामाला दार एकच — ज्यात मी बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेटी वेगळी. तिसऱ्या दिवशीही.

"अण्णा, तुम्ही आत येता का हो दुपारी?"

"मी कशाला येऊ, अक्का? त्या दगडांतलं मला स्वल्पही समजत नाही." मग थांबून म्हणाले, "पण काल आत कोण खोकत होतं? मला वाटलं, तुमचे सर आलेत."

सर तर इकडे फिरकलेच नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी गेले. का, ते खरं सांगते... या शहरात माझ्या कामाकडे इतकं लक्ष देणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी ओल वाळायच्या आत भिंग घेऊन बसले. आणि लक्षात आलं, ओल प्रत्येक वेळी पांढऱ्या क्वार्ट्झमधल्या चंदेरी-करड्या बारीक रेषांवरच होती. जुनी फाइल काढली. टाइप केलेल्या रिपोर्टात त्या रेषांपुढे सरळ 'ग्राफाइट' लिहिलेलं. पण साइटवरच्या पेन्सिलीच्या नोंदीत 'ग्राफाइट' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह होतं. प्रत्येक वेळी. कोणालातरी शंका आली होती, आणि वर कोणी ती ऐकून घेतली नव्हती. नोंदीखाली नाव नाही.

चहाची पांढरी बशी घेतली, तिच्यावर तो करडा भाग घासला. ग्राफाइटचा ओरखडा काळसर येतो. हा हिरवट आला.

मॉलिब्डेनाइट. दिसायला ग्राफाइटसारखंच, पण त्यातून मॉलिब्डेनम मिळतं, पोलाद कणखर करणारा महागडा धातू.

सरांना फोन केला. "शुअर आहेस?" त्यांनी दोनदा विचारलं. पेट्या फेकणं थांबलं, सॅम्पल लॅबला गेले. त्या नोंदी कोणाच्या, हेही विचारलं. "त्या टीममधलं आता कोणी उरलेलं नाही गं," सर म्हणाले.

सॅम्पल गेले त्या दिवसापासून सगळं थांबलं. ओल नाही, खोकला नाही. मी मुद्दाम पेट्या उघड्या ठेवून बाहेर बसायचे.

निकाल आला तो एका दुपारी, मोबाइलवर. मॉलिब्डेनम होतं, चांगल्या प्रमाणात होतं. पीजीच्या ग्रुपवर टाकावं म्हणून टाइप केलं आणि पुसलं... कोणाला काय कळणार? मग गोदामाच्या मध्यभागी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "तुमचं बरोबर होतं हो. ग्राफाइट नव्हतंच ते."

बराच वेळ थांबले. पत्रा तापून कडकडत होता, तेवढाच आवाज.

छपरातून गळलं म्हणावं तर पाऊस नव्हता. माझ्याच हातून झालं असेल, मला आठवत नसेल — हाही विचार करून पाहिला. मग अण्णांनी ऐकलेल्या खोकल्याचं काय? मला आजही काही सांगता येत नाही. एवढंच कळतं, की ते थांबल्यापासून ते गोदाम फार रिकामं वाटतं.