मुदत नेमकी कुणाची?

समस्त मराठी मंडळींना जड अंतःकरणाने, आणि त्याहून जड पोटाने, कळविण्यात येते की लंडनमधील पिनर येथील आमच्या पित्ताशयाने अखेर बंड पुकारले आहे.

निदान इमर्जन्सीत झालं. स्कॅन बघून डॉक्टर मृणाल म्हणाल्या, “अ‍ॅक्यूट कोलेसिस्टायटिस.” म्हणजे पित्ताशयात खडे आणि त्यामुळे आलेली सूज. मी मात्र गॅस समजून नुसता ओवा चावत बसलो होतो. तुम्ही असं करू नका. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन खांद्याकडे चढू लागली, की ओव्याचा डबा बंद करा आणि फोन उचला.

वॉर्डात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. या कुशीवर चैन नाही, त्या कुशीवर नाही. तेवढ्यात पडद्यापलीकडून याच डॉक्टरांचा दबका आवाज आला. फोनवर, चक्क नागपुरी मराठीत.

“आई, मुदत संपत आली गं. महिन्याभरात काही झालं नाही, तर संपलंच समज. नाही, इथे कोणालाच सांगितलं नाही अजून.”

झालं! मी बायकोला, वंदनाला, फोन लावला. मंडळाच्या नाटकातली माझी भूमिका कुणाला द्यायची, ते खोल आवाजात सांगू लागलो.

“अहो, आधी डॉक्टरांना विचारा, मग मरा,” वंदना म्हणाली.

विचारलं. डॉक्टर खळखळून हसल्या आणि मग एकदम खुर्चीत बसल्या.

“काका, मुदत तुमची नाही हो. माझी. व्हिसाची.”

त्यांचा व्हिसा या हॉस्पिटलच्या नोकरीला बांधलेला. करार संपला की त्यालाही घरघर. दुसऱ्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केली होती, पण त्यांचं स्पॉन्सरशिपचं पत्र, म्हणजे सरकारदरबारी द्यायची हमी, कुठेतरी अडकलं होतं. ते आलं नाही तर सामान बांधायचं. तोवर दिवसभर आमची पोटं तपासायची आणि मधेमधे मेल तपासायची.

सूज उतरल्यावर मला घरी पाठवलं; ऑपरेशनची तारीख नंतर कळणार होती. मग आम्ही दोघंही खोळंबलो. मी तारखेसाठी फोन करायचो, पण पहिला प्रश्न वेगळाच असायचा: “डॉक्टर मृणाल आहेत ना अजून?”

“स्टिल हिअर, लव्ह,” पलीकडची बाई म्हणायची. मी तारीख विचारायलाच विसरायचो.

अखेर बोलावणं आलं. जन्मभर थिएटरची हौस. त्या दिवशी एंट्री झाली ती आडवी. दिव्यांखाली मास्कवरचे ओळखीचे डोळे दिसले. मी भुवया उंचावल्या: आलं का? त्यांनी मान हलवली: नाही. करार त्याच आठवड्यात संपत होता.

इथे भूल देण्याआधी पेशंटलाच ऑपरेशन कसलं ते विचारतात. भूलतज्ज्ञ इंग्रज आजोबा प्रेमाने वाकून म्हणाले, “सो, व्हॉट आर वी रिमूव्हिंग टुडे?”

आणि मी, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीतच ओरडलो, “अहो, पित्ताशय काढा, डॉक्टरला नका काढू!”