देणगीदारांच्या दारात जाणारे भाऊ

मोरेश्वर ठाकूर, म्हणजे आपले भाऊ, मला पहिल्यांदा भेटले ते रोह्यात, माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात. पेणहून निघणाऱ्या एका लहानशा साप्ताहिकाचे ते संपादक होते. राजकीय पक्षांना मोठ्या देणग्यांची यादी दरवर्षी निवडणूक आयोगाला द्यावी लागते, ती त्यांना छापून हवी होती. "अक्षर मोठं कर गो, म्हाताऱ्याला दिसायला नको?" एवढंच म्हणाले. पानं हातात पडल्यावर तिथेच स्टुलावर बसून लाल पेन्सिलीने देणगीदारांच्या पत्त्यांखाली रेघा मारू लागले. रकमांकडे ढुंकूनही बघेनात. मी विचारलं, तर म्हणाले, "रक्कम बघून काय कळणार? पत्त्यावर जाता येतं."

आणि ते खरंच जात. एस.टी.ने, नाहीतर कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. मी दुकान भावाकडे सोपवून त्यांच्या हाताखाली काम करू लागले, तेव्हा निडी गावाच्या बाजूला एका पत्त्यावर आम्ही दोघं गेलो होतो. दारात एक बाई तांदूळ पाखडत होत्या. पक्षाला देणगी दिलीत का, असं भाऊंनी विचारलं. "आमी? घरावर पत्रं घालाया पैसं नाय, नि पक्षाला कुठलं?" म्हणून त्या हसत सुटल्या. त्यांचा मुलगा एका ठेकेदाराकडे मुकादम होता. ठेकेदाराने आपले पैसे कामावरच्या माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या नावावर घालून पक्षाला दिले होते. भाऊंनी बातमी केली, पण त्या बाईंचं नाव घातलं नाही. "त्यांचा काय गुन्हा?" म्हणाले.

कंप्युटरवर याद्या जुळवायचं काम माझं. कोणाला कोणतं सरकारी काम मिळालं, त्याच्या आसपासच्या कोणी कोणाला देणगी दिली, हे मी शोधून द्यायचे. भाऊ कौतुक करत, पण त्यांचा दंडक एकच होता. माणसाला समोर भेटल्याशिवाय त्याचं नाव छापायचं नाही.

तो दंडक मी मोडला. भाऊंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात असलं लिहू नये असं संपादक मंडळाने मला गोड शब्दांत सुचवलं आहे. पण हे गाळून भाऊंवर लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल.

पेण तालुक्यात खाडीकाठी एक गाव आहे. तिथला समुद्राचं पाणी अडवणारा बांध एका ठेकेदाराने दुरुस्त केला आणि तो वर्षाच्या आतच फुटला. भातशेतीत खारं पाणी शिरलं. त्या ठेकेदाराच्या माणसांची नावं मला देणगीदारांच्या यादीत सापडली. त्यात एक नाव होतं नारायण पांडुरंग म्हात्रे. मतदार यादीतही तेच नाव, तेच गाव. भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांनी मला एकटीला गावात धाडलं. त्या दिवशी उधाणाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. मी मोठ्या रस्त्यावरच्या टपरीवर विचारलं, "नारायण म्हात्रे इथलेच ना?" टपरीवाला म्हणाला, "व्हय." मी मागे फिरले आणि भाऊंना सांगितलं, भेटून आले.

अख्खं गाव म्हात्र्यांचं. नारायण आणि पांडुरंग ही नावं तिथे घरोघर आहेत. देणगीवाले नारायण म्हणजे ठेकेदाराला ट्रॅक्टर पुरवणारे. मी मतदार यादीतल्या घर नंबरासकट छापले ते दुसरेच, ज्यांचं स्वतःचं शेत खाऱ्या पाण्याखाली होतं. गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. ज्याने शेतं बुडवली त्याचाच हा माणूस, असं झालं. त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

मी भाऊंकडे रडत सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी ते डोळ्याला हिरवी पट्टी तशीच ठेवून गावच्या देवळात सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक संपादकाची." मी तोंड उघडणार, तर त्यांनी माझा हात दाबला. नारायणबाबा एवढंच बोलले, "पेपर घराघरात गेला. तुमची माफी कोन वाचतंय?"

परतताना भाऊ मला म्हणाले, "तुझं नाव आलं तर तू या धंद्यात पुन्हा उभी राहणार नाहीस. माझं काय, झालं आता." मी ऐकलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

एक नाव खोटं निघालं म्हणून बाकीची खरी नावंही खोटी ठरली. ठेकेदाराने तोच अंक हातात धरून गावोगाव दाखवला. जाहिराती आटल्या, साप्ताहिक बंद पडलं. फुटलेल्या बांधाचं काम पुन्हा त्यालाच मिळालं. लोक भाऊंना म्हणत, "म्हातारपणी घसरलात." भाऊ मान डोलवत. मी शेजारी बसून गप्प असायचे.

तेव्हापासून भाऊ दर महिन्याला नारायणबाबांच्या ओटीवर जाऊन बसतात. बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत. अर्ध्या तासाने भाऊ उठतात आणि येतात. गेल्या महिन्यात मी बरोबर गेले आणि सांगून टाकलं, "बाबा, चूक माझी होती. मी तुमच्या दारापर्यंत आलेच नव्हते. भाऊंनी अंगावर घेतलं." बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "मला कशाला सांगतेस गो? आत हाय ती, तिला सांग."

त्यांची मुलगी आत होती. मी उंबऱ्याशी उभी राहून बोलले. ती बाहेर आली नाही. भाऊ म्हणाले, "चल, पुढच्या महिन्यात येऊ."

भाऊ पंचाहत्तरीचे झाले. त्यांना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे शाबूत राहोत. त्यांना त्या घरी अजून पुष्कळदा जायचं आहे, आणि आता त्यांच्याबरोबर मलाही.