आर्लिसने नाकारलेली कवटी

आर्लिस गुंडरसनने तीस वर्षं किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत गाई कापल्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्या छोट्या संग्रहालयात फुकट काम करायला येऊ लागली. पूर्व मोंटानातल्या आमच्या टेकड्यांतून लोक पिशव्या भरभरून डायनोसॉरच्या हाडांचे तुकडे आणत. बोटभर तुकडा हातात फिरवून ती सांगायची, हे तीन शिंगवाल्याचं शिंग, हे त्याच्या मानेमागच्या झालरीचं, हा नुसता दगड. झालरीवर रक्तवाहिन्यांच्या खाचा फांद्यांसारख्या फुटतात, शिंगावर त्या लांबट धावतात. शंका आली की ती तुकडा जिभेला लावायची. हाड चिकटतं, दगड चिकटत नाही. तिकिटाच्या टेबलावर बसून ते बघताना मी तोंड वाकडं करायचे.

"तू रोज हॉट डॉग खातेस," ती म्हणायची. "त्यात काय असतं ते विचार मला."

एका हिवाळ्यात डेल्मर नावाचा हाडांचा व्यापारी यायला लागला. गोड बोलायचा, येताना ॲपल पाय भाजून आणायचा. ज्या तुकड्यांचं काहीच जुळत नाही ते शाळेतल्या पोरांना हाताळायला द्या, म्हणाला. आर्लिसने सहा बादल्या भरून दिल्या. प्रत्येक तुकड्यावर शाईने बारीक नंबर होता.

जूनमध्ये संग्रहालयाचे प्रमुख व्हर्जिल यांनी मोठ्या थाटात तीन शिंगवाल्याची एक कवटी आणवली. डेल्मरने ठेवायला दिली होती. एकाच जनावराची, जवळजवळ अखंड. तसं लिहिलेल्या कागदावर फक्त आर्लिसची सही हवी होती.

ती भिंग घेऊन पाऊण तास कवटीभोवती फिरली. मग माझ्याकडे आली. "तुझ्या पर्समध्ये नेलपॉलिश काढायचं पाणी असतं ना? दे."

तिने कापूस भिजवून डाव्या शिंगाचं बूड पुसलं. तपकिरी रंग सुटला आणि खाली तिच्याच अक्षरातला अर्धा घासलेला नंबर दिसला.

"हा गाल म्हणजे बदकचोच्या डायनोसॉरची मांडी आहे," ती म्हणाली. "झालरीच्या कडेला कासवाची पाठ चिकटवलीय. आणि नाकावरचं शिंग गाईच्या नळीचं आहे, व्हर्जिल. परवापरवाच्या गाईच्या."

बाजूला उभा असलेला डेल्मर हसला. "मावशी, हाडं तर सगळी खरीच आहेत ना?"

"मला मावशी म्हणू नकोस. अंगावर काटा येतो."

व्हर्जिलनी तिला बाजूला घेतलं. "आर्लिस, बस भरून लोक येणार आहेत. कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय."

ती मागे जाऊन हात धुवायला लागली. साबण लावून तीन वेळा. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"कोपरापर्यंत आतड्यांत हात घालून घरी जेवले आहे मी," ती म्हणाली. "कधी किळस वाटली नाही. आज वाटतेय. त्याला माल मीच पुरवला."

ती यायची बंद झाली. सही गुरांच्या डॉक्टरने केली. मी वर्षभर त्या कवटीची तिकिटं फाडली, येणाऱ्यांना "बघा, अखंड आहे" असं सांगितलं, आणि तसं सांगताना तोंडात कडू पाणी यायचं. तरी नोकरी सोडली नाही. तेही लिहायला हवं.

पुढच्या ऑगस्टमध्ये उकाड्याने कवटीचे सांधे सुटले. भर दुपारी, शाळेच्या सहलीसमोर, गाल खाली पडला आणि पांढरं प्लास्टर फरशीभर उडालं. पोरं खिदळली. डेल्मरचा फोन लागेना. तुकडे सोडवून द्यायला ये, असं सांगायला व्हर्जिलनी मला आर्लिसकडे पाठवलं.

दारातूनच तिने अट सांगितली. "कवटीत काय काय होतं ते सगळं लिहून बाहेर लावायचं. सही कोणाची होती तेही."

मी तिथूनच व्हर्जिलना फोन लावून तिच्या हातात दिला. ते कुरकुरले. "तेवढं लिहायलाच हवं का?"

"नाहीतर सगळं झाडून फेकून द्या."

दोन आठवडे ती प्लास्टर कोरत बसली. अकरा जनावरं निघाली. फलक लागला. लोक तो वाचून नाक मुरडायचे आणि पुन्हा वाचायचे. शेवटच्या दिवशी व्हर्जिलनी हात पुढे केला. आर्लिसने त्या हाताकडे बघितलं, सोडवलेल्या हाडांनी भरलेला डबा उचलला आणि तो घेऊन ती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पुन्हा नंबर घालायला गेली.