बबनदादाचं गायरान

बबनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत होते. मंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, "वन्सं, हे गेलं वो..." एवढंच बोलली आणि फोन तसाच चालू राहिला. मला रडू आलं नाही. मला राग आला. कितीतरी महिने मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागत होते, माझ्या आईचा फोटो तुझ्या ब्लॉगवरून काढ. तो प्रत्येक वेळी "उद्या काढतो" म्हणायचा. आता कुठला उद्या... वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगितलं गेलंय. चांगले शब्द दशक्रियेला पुढाऱ्यांनी माईकवर बोलून संपवलेत. माझ्याकडे उरलेत ते मी लिहिते.

बबनदादा माझा चुलतभाऊ. त्याची आई लवकर गेली, म्हणून तो तळेघरला आमच्याच घरात, माझ्या आईच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन वाढला. नव्वदच्या दशकात त्यानं जुन्नरला आधी झेरॉक्सचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटर घेऊन लग्नपत्रिका आणि बॅनर करायला लागला. पत्रिकेवरचा गणपती, कलश, नवरानवरीची जोडी, सगळं कुणाच्या तरी सीडीतून उचललेलं. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात घालताना तो हात कधी अडखळला नाही. माझं पेन, आईची छत्री, शेजाऱ्यांची सायकल... परत मागितली की वर आपल्यालाच ऐकवणार, "एवढ्याशावरनं तोंड वाकडं करती व्हय?" कॉम्प्युटर मला त्यानंच शिकवला, हे खरं आहे. दुकानात चार माणसं टवकारून बघत असताना त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि माऊस हातात दिला. हेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

पुढे ब्लॉगचं वारं आलं आणि यानं तालुक्याचा ब्लॉग काढला. गड, लेणी, घाटवाटा, भातशेती. मजकूर माझा, नाव त्याचं, पासवर्डही त्याच्याकडेच. फोटो मात्र मी बघणार, ही माझी अट होती. नेटवर फोटो सापडायला वेळ लागत नाही, तो आपल्याला वापरता येतो का हे बघण्यात संध्याकाळ जाते. फोटोखाली मालकानं काय लिहिलंय ते वाचायचं. कुणी लिहितो, खुशाल वापरा, फक्त माझं नाव द्या. कुणी लिहितो, वापरा पण धंद्यासाठी नको. कुणाला काटछाट चालत नाही. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर तो फोटो बेवारस आहे असं नाही, उलट तो आपला नाहीच. मेल करून विचारायचं. मी विचारायची. बहुतेक माणसं आनंदानं हो म्हणायची, कुणीतरी विचारलं याचंच त्यांना अप्रूप वाटायचं. बबनदादा हे सगळं बघून हसायचा. "शैले, नेटवर टाकलं म्हंजी गायरान झालं. गायरानात कुणीबी गुरं सोडावी, इचारतंय कोण?"

एकदा मी चिडून म्हटलं, निदान फोटो काढणाऱ्याचं नाव तरी टाकत जा. त्यानं टाकलं. गावच्या सोसायटीची निवडणूक होती, एका पॅनेलच्या प्रचाराचा मजकूर ब्लॉगवर चढवला होता आणि वर शिवनेरीचा फोटो. फोटो पुण्याच्या एका गृहस्थांचा. सुट्टीत डोंगर हिंडणारा सज्जन माणूस, माझ्या शब्दावर त्यांनी फोटो वापरू दिले होते. नावं टाकायची दादाला एकच जागा ठाऊक, बॅनरवरची. त्यानं खाली 'शुभेच्छुक' लिहून सरपंच, दूधवाले, ट्रॅक्टरवाले यांच्या रांगेत त्या गृहस्थांचं नाव ठोकून दिलं. त्यांचा मला फोन आला. "मॅडम, मी कोणाला निवडून आणतोय?" मला तोंड लपवायला जागा नव्हती. दादाला सांगितलं तर म्हणाला, "मग? नाव पायजे व्हतं ना? सरपंचाच्या शेजारी दिलंय राव!"

तरीही ते गृहस्थ येत राहिले. एका पावसाळ्यात तळेघरला आमच्या खाचरात त्यांनी भात लावणाऱ्या आईचा फोटो काढला. आधी विचारलं. आई चिखलानं माखलेली, म्हणाली, "काढा, पर पदर नीट घेऊ द्या. आन् शाळंतल्या पोरान्ला दावायला काढा, दुसरं काय नगं." माझ्या शाळेतली पोरं आमचा ब्लॉग बघायची, म्हणून त्यांनी तो फक्त ब्लॉगसाठी दिला, धंद्यासाठी वापरायचा नाही असं बजावून. दादानं काय केलं? मढजवळ माळशेजच्या रस्त्याला त्याच्या मित्राचं हॉटेल होतं. आईचा चेहरा कापून घेतला, 'गावरान चुलीवरचं जेवण' असं वर लिहिलं आणि भलामोठा बोर्ड उभा केला. ब्लॉगवरही तेच, खाली 'सौजन्य : बबनराव'.

आई एका लग्नाला एसटीनं निघाली होती. गाडीच्या खिडकीतून तिनं स्वतःलाच बघितलं. लग्नात बायांनी विचारलं, "काकी, हाटेलात भाकऱ्या थापायला लागला व्हय?" चार एकर भातखाचराची मालकीण माझी आई, ती त्या मांडवात मान खाली घालून बसली आणि न जेवता परत आली. पुढे बोर्ड वाऱ्यानं फाटला. ब्लॉगवरचा फोटो तसाच राहिला. शेवटची भेट झाली तेव्हाही मी तेच बोलले. "दादा, तिला विचारलं होतंस का?" तो चहा ढवळत म्हणाला, "काकीला काय इचारायचं? ती माझीच हाय की." मी चहा न घेता उठले.

दशक्रियेला एका पुढाऱ्यानं माईकवर सांगितलं की बबनरावांनी तालुक्याचं नाव जगभर नेलं. मी दात आवळून ऐकलं. सगळं आटोपल्यावर वहिनीनं दुकान उघडून दिलं. कॉम्प्युटर लावला तर ब्लॉग त्याच्याच नावानं उघडा होता, पासवर्डही लागला नाही. आई दुकानाच्या पायरीवर बसली होती, रडून डोळे सुजलेले. पोटच्या पोरासाठी रडावं तशी ती त्या दिवसांत रडली होती. मी तिला आत बोलावलं, फोटो दाखवला. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे.

"आई, काढू का?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "काढ," ती म्हणाली. "त्यो माझं लेकरू व्हता. लई रडले मी त्याच्यापायी... पर तोंड माझं हाय."

मी फोटो काढला. पानावर तेवढी जागा पांढरी राहिली आणि तिच्याखाली 'सौजन्य : बबनराव'. वहिनीनं भीत भीत विचारलं, "वन्सं, ते बी काढता का?"

"राहू द्या वहिनी," मी म्हटलं. "या सगळ्या पानावर तेवढंच त्याचं स्वतःचं आहे."